गोळ्याचं घनफळ काढताना त्रिज्येकडे जाऊ नका, व्यास नीट मोजा

प्रश्न असा आहे. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये नुकताच कामाला लागलेला डिप्लोमावाला मुलगा विचारतो: "६० मिमी व्यासाचा स्टीलचा भरीव गोळा आहे. पुस्तकातल्या सूत्राने घनफळ काढलं आणि त्यावरून वजन काढलं, तर सात किलो येतं. काट्यावर मात्र गोळा नऊशे ग्रॅमसुद्धा भरत नाही. माझं कुठं चुकलं? आणि व्यासावरून सरळ घनफळ काढायची रीत आहे का?"

तुमची चूक एकाच जागी आहे. पुस्तकातलं सूत्र त्रिज्येचं आहे: चार तृतीयांश गुणिले पाय (३.१४१६) गुणिले त्रिज्येचा घन. तुम्ही त्रिज्येच्या जागी ६० घातलेत, आणि ६० हा व्यास आहे. दुप्पट आकडा तीन वेळा गुणला गेला. दोन दुणे चार, चार दुणे आठ, म्हणून उत्तर आठपट फुगलं. तुमचं घनफळ ९०४.८ सीसी (घन सेंटिमीटर) आलं असणार; एक सीसी स्टीलचं वजन ७.८ ग्रॅम, त्याने गुणलं की ७०५७ ग्रॅम. आता आठाने भागा. ११३.१ सीसी, म्हणजे ८८२ ग्रॅम. काटा खरं बोलतोय.

आणि हो, सरळ रीत आहे. मी चौतीस वर्षं पॅटर्न शॉप (साच्यासाठीचे नमुने करतात ती जागा) आणि फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) काढली, त्यातली पहिली दोन-तीन सोडली तर गोळ्यासाठी दुसरं सूत्र वापरलेलंच नाही:

घनफळ = व्यास × व्यास × व्यास × ०.५२३६

हा ०.५२३६ म्हणजे ३.१४१६ भागिले ६. बाकी काही नाही. तुमचा गोळा ६ सेंमीचा. ६ × ६ × ६ = २१६. २१६ × ०.५२३६ = ११३.१ सीसी. झालं.

हा आकडा व्हर्नियरच्या (जबड्यांत वस्तू धरून मोजायच्या पट्टीच्या) पेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवा. माझा आग्रह का, तर गोळ्याची त्रिज्या कुणी कधी मोजलेली नाही. मध्यबिंदू गोळ्याच्या पोटात, तिथं व्हर्नियर कसा पोचणार? ड्रॉइंगवर व्यास लिहिलेला असतो, व्हर्नियर व्यास देतो, बेअरिंगच्या डब्यावर व्यास छापलेला असतो. मग मधेच निम्मं करायचं, त्याचा घन करायचा, चारने गुणायचं, तीनने भागायचं, हा फेरा कशाला? दुसऱ्या पाळीच्या शेवटी दमलेल्या माणसाकडून यातली एखादी पायरी राहते, आणि बहुतेक वेळा ती 'निम्मं करायची' असते.

एककांचं एवढंच सांगतो की आधी मिमीचे सेंमी करा, मग गुणा. सेंमीत काम केलं की उत्तर सीसीत येतं, आणि एक सीसी म्हणजे एक मिलिलिटर. मिमीत घन केला तर उत्तराला हजाराने भागावं लागतं. दहाने किंवा शंभराने भागणारे मी पुष्कळ पाहिलेत.

आता हे अर्ध्याच्या थोडंसं वर कुठून आलं, ते समजून घ्या. ते समजलं की चुकीचं उत्तर समोर आल्यावर आकडेमोड न करताच खटकतं. गोळा नेमका मावेल असं चौरस खोकं घ्या. ६ सेंमीचा गोळा, ६ सेंमीचं खोकं. खोक्याचं घनफळ २१६. खोक्याच्या आठही कोपऱ्यांना जागा रिकामी राहते. ती सगळी एकत्र केली तर खोक्याचा जवळपास निम्मा भाग होतो. गोळ्याच्या वाट्याला राहतो ५२.३६ टक्के. म्हणून गोळ्याचं घनफळ व्यासाच्या घनापेक्षा जास्त येणं शक्यच नाही. तुमचं ९०४ आलं होतं, खोकं २१६ चं. खोक्यापेक्षा चौपट मोठा गोळा खोक्यात बसला कसा? एवढा एक प्रश्न स्वतःला विचारला असता तर चूक कागदावरच पकडली गेली असती.

तोंडी हिशोबाची एक रीत मला फार आवडते, आणि ती आपल्याकडचीच आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावती हा गणिताचा ग्रंथ लिहिला. त्यात गोळ्याच्या घनफळाची ढोबळ रीत अशी आहे: व्यासाचा घन करा, निम्मा करा, आणि त्या निम्म्यात त्याचाच एकविसावा भाग मिळवा. करून बघा. २१६ चं निम्मं १०८. १०८ चा एकविसावा भाग ५.१४. बेरीज ११३.१४. खरं उत्तर ११३.१०. दहा हजारांत चार-पाचाचा फरक! कारण ही रीत म्हणजे पाय बावीस सप्तमांश धरून केलेला हिशोब आहे. शॉपमध्ये उभ्या उभ्या मी एकविसाव्याच्या जागी सरळ पाच टक्के धरतो. निम्मं करा, त्यात त्याचे पाच टक्के मिळवा. फरक हजारात तीनाच्या आत राहतो, आणि भाव सांगायला तेवढं पुरतं.

त्याच ग्रंथात नेमकी रीतही दिली आहे, आणि तिच्यातली उपमा मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक पोराला सांगितली आहे. वर्तुळाच्या क्षेत्रफळाला चारने गुणलं की गोळ्याचं पृष्ठफळ मिळतं, आणि ते पृष्ठफळ कसं, तर 'कन्दुकस्येव जालम्', चेंडूवर विणलेल्या जाळीसारखं. मग त्या पृष्ठफळाला व्यासाने गुणा आणि सहाने भागा, की 'गोलगर्भे घनाख्यम्', गोळ्याच्या गर्भातलं घनफळ. इथं त्रिज्येचं नावसुद्धा नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत व्यास.

सहाने का भागायचं? ती चेंडूवरची जाळी डोळ्यासमोर आणा. जाळीच्या प्रत्येक बारीक घरातून एक टोकदार पाचर आत जाते आणि सगळ्या पाचरींची टोकं मध्यबिंदूवर भेटतात. भास्कराचार्यांनी स्वतःच्या टीकेत अशाच सूच्यांनी गोळा भरून दाखवला आहे. टोकदार पाचरीचं घनफळ म्हणजे तळ गुणिले उंची भागिले तीन. सगळ्या तळांची बेरीज म्हणजे गोळ्याचं पृष्ठफळ. उंची प्रत्येकाची निम्मा व्यास. तीनने भागायचं आणि निम्मं करायचं, म्हणजेच सहाने भागायचं. माझ्या बघण्यात चौथी-पाचवी शिकलेल्या मोल्डरलासुद्धा (साचे भरणाऱ्या कामगाराला) हे पाच मिनिटांत कळलं आहे, कारण त्याने आयुष्यभर पाचरीच ठोकलेल्या असतात. (भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला पाटणला मठ काढला, त्याचा शिलालेख आहे. ते पाटण चाळीसगावजवळचं. आपल्या सातारा जिल्ह्यातलं पाटण वेगळं. पाहुण्यांची गल्लत होते म्हणून सांगितलं.)

सूत्राचं एवढं पुरे. सूत्र चुकत नाही. चुकतो तो व्यास, आणि त्याबद्दल मात्र मला सविस्तर सांगायचं आहे.

व्यास तीनदा गुणला जातो, म्हणून व्यासातली चूकही तीनदा मोजली जाते. व्यासात एक टक्का चुकलात की घनफळात तीन टक्के चुकलात. तुमच्या ६० च्या गोळ्यात व्हर्नियर ०.१ मिमीने चुकला तर वजनात साडेचार ग्रॅमचा फरक पडतो. एका गोळ्याला ते काहीच नाही. हजार गोळ्यांना साडेचार किलो.

पहिली काळजी जबड्यांची. दीडशे मिमीचा जो साधा व्हर्नियर सगळ्यांच्या खिशात असतो, त्याचे खालचे जबडे साधारण ४० मिमी लांब असतात. म्हणजे ८० मिमीपर्यंतच्या गोळ्याच्या मध्यावर ते पोचतात. त्याहून मोठा गोळा धरलात की व्हर्नियरची पट्टी गोळ्याच्या माथ्यावर टेकते आणि जबड्यांची टोकं मध्याच्या अलीकडेच थांबतात. तुम्हाला मिळते ती जीवा, व्यास नव्हे. १०० मिमीचा गोळा असा धरला तर व्हर्नियर ९८ दाखवतो. हाताला अगदी घट्ट लागतो, वाटतं माप बरोबर आहे. दोन मिमी गेले, म्हणजे घनफळ सहा टक्क्यांनी कमी. मोठ्या गोळ्याला लांब जबड्यांचा व्हर्नियर घ्या, नाहीतर औटसाइड कॅलिपर लावून त्याचं अंतर पट्टीवर मोजा. तेही नसेल तर गोळा सपाट टेबलावर ठेवा, दोन्ही बाजूंनी दोन गुणे (काटकोनी पट्ट्या) उभे करून हलके टेकवा आणि गुण्यांमधलं अंतर मोजा. सुतार हीच रीत वापरतात आणि ती उत्तम आहे.

दुसरी काळजी, एकाच जागी मोजून थांबू नका. ओतीव गोळा कधीच पुरा गोल नसतो. साच्याची वरची आणि खालची पेटी जिथं मिळते तिथं रेघ उमटते. पेट्या किंचित सरकल्या असतील तर त्या बाजूने व्यास वेगळा येतो. रेघेवर एक, रेघेवरच त्याला काटकोनात दुसरा आणि रेघेच्या आडवा, वरून खाली, तिसरा असे तीन व्यास घ्या. आणि त्यांची सरासरी काढत बसू नका, तिघांना एकमेकांशीच गुणा. पहिला × दुसरा × तिसरा × ०.५२३६. चेपलेल्या गोळ्यालाही हे चालतं.

तिसरी काळजी कोणता व्यास मोजायचा याची, आणि ती मी नुकसान करून शिकलो. नवीन असताना एका कारखान्याकडून चौकशी आली होती: पाचशे बिडाचे (ओतीव लोखंडाचे) गोळे, मशीन केल्यावर १०० मिमी. मी कागदावर हिशोब केला. १० × १० × १० × ०.५२३६ = ५२३.६ सीसी, बिडाचे ७.२ धरून ३.७७ किलो. त्याप्रमाणे धातूचा भाव दिला. माल ओतायला घेतल्यावर कळलं की आपण १०० चा गोळा ओततच नाही. मशीनवर घासायला दोन्ही बाजूंना दोन-दोन मिमी ठेवावे लागतात. ओतायचा गोळा १०४ चा. १.०४ चा घन १.१२५. म्हणजे प्रत्येक गोळ्याला साडेबारा टक्के धातू जादा, ४.२४ किलो. पाचशे गोळ्यांत २३५ किलो बीड आमच्या पदरचं गेलं. रायझर-रनरचा, म्हणजे साच्यातल्या जादा साठ्याचा आणि वाटेचा, धातू भट्टीत परत येतो, पण हा लेथखाली बुकणी होऊन गेला.

आमचे पॅटर्नचे मिस्त्री, त्यांना सगळे आण्णा म्हणायचे, ओरडले नाहीत. त्यांनी एक कच्चा गोळा आणि एक मशीन केलेला गोळा टेबलावर शेजारी ठेवला. म्हणाले, "कुठला मोठा, सांग बघू." लांबून खरंच कळत नव्हतं. मग त्यांनी दोन्ही गोळे तागडीत टाकले. कच्च्याचं पारडं खाली गेलं, आणि मशीन केलेल्याच्या पारड्यात अर्धा किलोचं वजन टाकल्यावर कुठं काटा मधे आला. "डोळा फसतोय बाळा. दोन मिमी डोळ्याला दिसत न्हाईत, तागडीला दिसत्यात." त्या दिवसापासून मी हिशोबाच्या वर आधी लिहितो, हा कोणता व्यास: पॅटर्नचा, कच्च्या मालाचा की तयार मालाचा.

पॅटर्नचा व्यास त्याहून वेगळा, कारण बीड थिजताना आणि गार होताना शेकडा एकाच्या आसपास आखडतं. म्हणून १०४ चा गोळा हवा तर पॅटर्न १०५ चा. पॅटर्नवाल्यांची पट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा सेंटिमीटर तेवढा लांब आखलेला असतो. ती पट्टी चुकून तयार माल मोजायला उचलली की पुन्हा तीन टक्क्यांचा घोळ. १९१० साली औंध संस्थानात कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, तेव्हापासून या भागात बीड ओतलं जातंय, आणि मला वाटतं, तेव्हापासून प्रत्येक नव्या पोराने कधी ना कधी ही पट्टी चुकून उचलली असणार.

व्हर्नियरही पोचत नाही आणि गुणेही पुरत नाहीत, अशा वेळी घेर मोजा. मिरजेला सितार-तानपुऱ्याच्या कारागिरांकडे जाऊन बघा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे ते टेपने घेर घेऊनच निवडतात. भोपळ्याचा व्यास मोजणार कसा? गोल वस्तूचा घेर मिळाला तर व्यास म्हणजे घेर भागिले ३.१४१६, आणि सरळ घनफळ हवं असेल तर घेराचा घन भागिले ५९.२२. तोंडी करायचं तर साठाने भागा, उत्तर फक्त सव्वा टक्क्याने कमी येईल. टेप फिरवताना एक ध्यानात ठेवा: टेप मध्यावरून गेला पाहिजे. जरा वर-खाली घसरला की घेर कमी भरतो, जास्त कधीच भरत नाही. म्हणून चार-पाच वेळा फिरवा आणि सगळ्यांत मोठा आकडा धरा. सुतळी वापरणार असाल तर ती ताणते, आणि तिची स्वतःची जाडीही घेरात मिसळते. माझं म्हणणं, कपडे मोजायचा टेप घ्या.

घेराचं एक उदाहरण प्रत्येकाच्या हाताखालचं आहे. विजय हजारेंचा जन्म सांगलीचा, स्मृती मानधना इथंच वाढली, त्यामुळे क्रिकेटच्या चेंडूबद्दल इथं कुणालाही विचारा. पुरुषांच्या सामन्याच्या नव्या चेंडूचा घेर नियमाप्रमाणे २२.४ ते २२.९ सेंमी आणि वजन १५५.९ ते १६३ ग्रॅम. घेराचा घन करून ५९.२२ ने भागा. लहानात लहान चेंडू १९० सीसीचा, मोठ्यात मोठा २०३ सीसीचा. घेरात अर्ध्या सेंमीची सूट, पण घनफळात तेरा सीसीचा फरक! आणि दोन्हीकडे ग्रॅम सीसीपेक्षा कमी, म्हणजे चेंडू पाण्याहून हलका. विहिरीत पडलेला सीझनचा चेंडू तरंगताना दिसतो, तो याचमुळे.

आपल्या भागात या हिशोबाची सगळ्यांत मोठी गरज मला विचाराल तर वर्कशॉपमध्ये नाही, तासगावच्या द्राक्षबागांत आहे. माझे मेव्हणे बागायतदार आहेत, त्यांच्याबरोबर मी मणी मोजत हिंडलोय. १६ मिमीचा मणी म्हणजे १.६ × १.६ × १.६ × ०.५२३६ = २.१४ सीसी. १८ मिमीचा मणी ३.०५ सीसी. मापाच्या कडीतून बघताना फक्त दोन मिमीचा फरक दिसतो, पण मणी ४२ टक्क्यांनी मोठा झालेला असतो. द्राक्षाचा मणी पाण्यापेक्षा जरासा जड, त्यामुळे वजनही त्याच हिशोबाने वाढतं. घडात मणी तेवढेच, वेलीवर घड तेवढेच, आणि माल मात्र जवळजवळ दीडपट. विरळणी, पाणी, जीएचं (जिबरेलिक ॲसिड या संजीवकाचं) डीपिंग यांवर बागायतदार एवढा जीव का टाकतो, ते या दोन मिमीत आहे. बाग बघायला आलेला व्यापारी मण्याला माप लावतो तेव्हा आपणही हा हिशोब मनात करायला हवा. 'दोन मिमीनं काय होतंय' हे वाक्य ऐकलं की मला राहवत नाही, मी तिथंच कागद काढतो.

लांबट मण्यांना, सोनाकासारख्या वाणाला, तेच सूत्र जरा वळवून चालतं. लांबी × जाडी × जाडी × ०.५२३६. मणी २८ मिमी लांब आणि १५ मिमी जाड असेल तर २.८ × १.५ × १.५ × ०.५२३६ = ३.३ सीसी. टोकं भोथट असली तर खरं घनफळ याहून थोडं जास्त निघतं, कमी नाही. फक्त लांबी मोजून तिचाच घन करू नका; तसं केलंत तर साडेअकरा सीसीचा मणी मिळेल, जो कुठल्याच वेलीला लागत नाही.

पोकळ गोळ्याचं काम थोडक्यात सांगतो. बाहेरच्या व्यासाच्या घनातून आतल्या व्यासाचा घन वजा करा, मग ०.५२३६ ने गुणा. टाकीतल्या फ्लोटचा १५० मिमीचा स्टेनलेसचा चेंडू, पत्रा १ मिमी. बाहेरून १५, आतून १४.८. ३३७५ मधून ३२४१.८ गेले, राहिले १३३.२, गुणिले ०.५२३६, पत्रा ६९.७ सीसी, वजन साधारण ५५० ग्रॅम. अख्खा चेंडू १७६७ सीसीचा, म्हणजे पुरा बुडवला तर बाराशे ग्रॅमच्या वर जोराने तो वर उसळतो, आणि त्याच जोरावर व्हॉल्व्ह बंद होतो. आधी व्यासांची वजाबाकी करून मग घन करायचा नाही. ती चूक इतकी सर्रास होते की मी जागा सोडून वेगळं सांगतोय: आधी घन, मग वजाबाकी.

अर्धवट भरलेल्या गोल टाकीला वेगळं सूत्र लागतं: खोली × खोली × (तीन व्यास वजा दोन खोली) × ०.५२३६. दोन मीटरची गोल टाकी, तळापासून अर्धा मीटर पाणी. ०.५ × ०.५ × (६ − १) × ०.५२३६ = ०.६५४ घनमीटर, म्हणजे ६५४ लिटर. पूर्ण टाकी ४१८९ लिटरची. पाणी पाव उंचीवर आहे, पण टाकीत पाव पाणी नाही, सोळा टक्केसुद्धा नाही. काठीने खोली मोजून 'पाव टाकी आहे' म्हणणाऱ्याला संध्याकाळी पाणी कमी का पडतं, ते इथं आहे.

आता उलटा हिशोब, कारण पुढं तुम्हाला तो लागणारच. घनफळ माहीत आहे, व्यास हवा. घनफळाला १.९१ ने गुणा आणि घनमूळ काढा. बऱ्याच मोबाइलच्या कॅल्क्युलेटरमध्ये घनमूळ असतं, तो आडवा धरला की दिसतं.

आमच्याकडे एकदा शाळेचे गोळाफेकीचे गोळे आले होते, चार किलोचे. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारींनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीचं रौप्य आणलं, त्यानंतर तर या मापांबद्दल विचारणारी पोरं वाढली आहेत. हिशोब असा: ४००० ग्रॅम भागिले ७.२, ५५५.६ सीसी. गुणिले १.९१, १०६१. घनमूळ १०.२. म्हणजे १०२ मिमी व्यास. चार किलोच्या गोळ्याला नियमाने ९५ ते ११० मिमी चालतं, तेव्हा बिडाचा गोळा आरामात बसतो. मोठ्या पुरुषांच्या ७.२६ किलोच्या गोळ्यालाही हेच करून बघा, १२४ मिमी येईल. तिथं ११० ते १३० ची मुभा आहे.

त्या गोळ्यांतला एक मला अजून आठवतो. व्यास तीन दिशांनी घेतला, बरोबर १०२. काट्यावर मात्र ३.८३ किलो. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. घनफळ बरोबर आणि वजन कमी, याचा अर्थ एकच: आत धातू नाही. १७० ग्रॅम कमी, भागिले ७.२, म्हणजे २३.६ सीसीची पोकळी. त्याला १.९१ ने गुणून घनमूळ काढलं, ३.५६ सेंमी. मी खडूने पाटीवर लिहिलं, 'आत साडेतीन सेंमीचं भोक', आणि गोळा पॉवर हॅक्सॉवर मधोमध कापायला लावला. पातं अर्ध्यात गेल्यावर आवाज बदलला. दोन फाकी झाल्या तेव्हा मध्याच्या जरा वर, रायझरच्या बाजूला, मोठ्या आवळ्याएवढी पोकळी होती, आतून खडबडीत, काळसर. पट्टी लावली तर एकीकडून ३४ मिमी, दुसरीकडून ३७. रायझर लहान पडला होता, धातू थिजताना आखडला आणि मध्याला भर मिळाली नाही. आम्ही रायझर वाढवला, पुढचे गोळे पुरे भरले.

बाहेरून व्यास मोजून आणि एकदा काट्यावर टाकून बंद गोळ्याच्या पोटातलं कळतं, एवढ्यासाठी तरी हे सूत्र हातात पक्कं हवं.

तुमच्या ६० च्या गोळ्यावर आता पडताळा करून बघा. पाच किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या, त्यावर पाण्याने अर्धी भरलेली लहान बादली ठेवा आणि काटा शून्यावर आणा. गोळ्याला बारीक नायलॉनचा दोरा बांधा. गोळा हळूच पाण्यात सोडा, पुरा बुडू द्या, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका; दोरा हातात अधांतरी धरा. गोळ्याला बुडबुडे चिकटले असतील तर हलवून घालवा. काट्यावर जेवढे ग्रॅम दिसतील तेवढे सीसी गोळ्याचं घनफळ. गोळ्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन काटा दाखवत असतो, गोळ्याचं नव्हे. तुम्हाला ११३ दिसायला हवेत. हात खाली गेला आणि गोळा तळाला टेकला की आकडा उडी मारून ८८२ वर जाईल, तेव्हा घाबरू नका, दोरा वर घ्या. ११० किंवा ११६ असं काही दिसलं, तर सूत्राला दोष देण्याआधी व्हर्नियरचे जबडे पुसून मिटवा आणि शून्य शून्यावर येतोय का ते बघा.

काट्याचे आणि व्हर्नियरचे दोन्ही आकडे मला कळवा. जमलं नाही तर गोळा घेऊन या, आमच्याकडे सरफेस प्लेट (मोजमापासाठीची अगदी सपाट पाटी) आहे, मिळून मोजू.